'ओव्हरलॉर्ड' (१९७५) कुणी पाहिलाय का? फिल्म क्लबात दाखवावा की नको?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. 'ओव्हरलॉर्ड' नावाचा १९७५चा युद्धपट तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का? शोधायला गेलं की त्याच नावाचा २०१८चा अमेरिकी झोंबीपट आधी पुढे येतो. तो नव्हे. हा स्टुअर्ट कूपर या दिग्दर्शकाचा, ब्रिटनमध्ये केलेला, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. बर्लिनच्या महोत्सवात त्या वर्षी याला रौप्य अस्वल मिळालं होतं, तरी आपल्याकडे त्याचं नाव कुणी काढताना मी ऐकलेलं नाही. अमेरिकेतसुद्धा तो २००६ पर्यंत रीतसर लागला नव्हता.

गोष्ट अगदी थोडी आहे. टॉम नावाचा विशीतला मुलगा सैन्यात जातो. निघताना सोबत डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' घेतो. मग कवायत, दोन मित्र, नाचाच्या कार्यक्रमात भेटलेली एक मुलगी, आणि एका तळावरून दुसऱ्या तळावर हलवलं जाणं. शेवटी ६ जून १९४४, म्हणजे डी-डे, फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनारा. आपण यातून परत येणार नाही असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं आणि तसंच होतं. हे सांगून मी कुणाची मजा घालवत नाही, सिनेमाच हे सुरुवातीपासून सुचवत राहतो.

या सगळ्याच्या मध्ये युद्धकाळात खरोखर चित्रित झालेली दृश्यं येतात. आगीत सापडलेलं शहर, बॉम्बफेकी विमानं, सरावाच्या बोटी. कधीकधी ती इतकी लांबतात की टॉम कुठे गेला असं वाटतं. मी एकट्याने पाहिला तेव्हा जागचा हललो नाही. घरी पुन्हा लावला तर बायकोने अर्ध्यात विचारलं, "हा सिनेमा आहे की माहितीपट?" मला सांगता येईना.

सांगलीजवळ आमचा छोटा फिल्म क्लब आहे, महिन्यातून एकदा शाळेच्या सभागृहात जमतो. निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं आणि दोन-तीन माजी सैनिक असतात. त्यांना हा दाखवावा का? आणि खरी शंका ही, की पैसे नव्हते म्हणून जुनी रिळं जोडून वेळ भरलाय का? जाणकारांनी सांगावं.

रणगाडा७१

पाहिलाय. माझं मत स्पष्ट सांगतो, निराशा झाली. युद्धपट म्हणून बसलो आणि युद्ध येईपर्यंत सिनेमा संपत आला. त्या एका दिवसात दीड लाखाहून जास्त सैनिक नॉर्मंडीत उतरले, पाच किनाऱ्यांवर आणि विमानांतून. त्या स्वारीच्या 'ओव्हरलॉर्ड' या सांकेतिक नावाने सिनेमा काढायचा आणि त्यातली लढाई काही मिनिटांत उरकायची, हे मला पटत नाही.

जुन्या चित्रणाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. दृश्यं अस्सल आहेत, दुर्मीळ आहेत, पण कुठली, कधीची, विमान कोणतं, काहीच सांगितलेलं नाही. उदाहरण देतो. मध्येच एक अजस्र चाक किनाऱ्यावरून धूर ओकत धावताना दिसतं. ते 'ग्रेट पॅन्जँड्रम'. दहा फूट व्यासाची दोन चाकं, मध्ये सुरुंगाची दारू भरलेला पिंप, चाकांच्या कडेला रॉकेटं. जर्मनांच्या काँक्रीटच्या भिंती फोडायला काढलं होतं. डेव्हनच्या किनाऱ्यावर चाचण्या झाल्या, रॉकेटं निसटायची, चाक भलतीकडे वळायचं, शेवटी सोडून दिलं. मला हे आधी ठाऊक होतं म्हणून मी उठून बसलो. ज्याला ठाऊक नाही त्याने त्यातून काय घ्यायचं?

टॉमचं काम करणारा ब्रायन स्टर्नर चेहऱ्याने चांगला आहे, पण त्याला करायला काहीच दिलेलं नाही. क्लबात दाखवू नका, लोक उठून जातील.

खरखर

कृष्णाकाठचा, तुमच्या घरातून आलेला प्रश्न फार योग्य आहे. मी ध्वनिसंकलनाचं काम करते, बहुतेक माहितीपटांचं. जुन्या रिळांशी रोजचा संबंध आहे. हा सिनेमा मी खूप वेळा पाहिलाय आणि त्याच्यावर माझा जीव आहे, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

आधी पैशांचं. हो, पैसे कमी होते. पण जुनी रिळं ही नंतर शोधलेली पळवाट नव्हती, सिनेमा त्यांच्यातूनच जन्मला. कूपरने लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये बसून जुनं चित्रण पाहण्यात सुमारे ३००० तास घालवले. तिथेच सैनिकांची पत्रं आणि रोजनिश्या वाचल्या, टॉम त्यातून घडला. मग प्रश्न उभा राहिला की नवं चित्रण या जुन्यात मिसळायचं कसं. छायाचित्रकार होता जॉन अल्कॉट, दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा माणूस, 'बॅरी लिंडन'साठी ऑस्कर मिळालेला. त्याने १९३०च्या दशकातली जुनी जर्मन भिंगं मिळवली आणि त्यांच्यातून शूट केलं. म्हणून टॉम खिडकीबाहेर बघतो आणि पुढचा शॉट तीस वर्षांपूर्वीचा असतो, तरी मध्ये सांधा दिसत नाही. ज्याने कधी दोन वेगळ्या काळांची रिळं एका टाइमलाइनवर ठेवली असतील त्याला हे किती अवघड आहे ते कळेल. ग्रेन म्हणजे फिल्मवरचे बारीक कण जुळत नाहीत, काळा रंग जुळत नाही, उजेडाची कड जुळत नाही. पुष्कळ पैसा असलेल्या सिनेमांतही हा सांधा दिसतो.

आता माझ्या विषयाचं. ब्रिटिश सैन्याच्या चित्रण तुकडीतले कॅमेरामन सैनिकच असत. पाइनवूड स्टुडिओत त्यांना शिकवून आघाडीवर पाठवत. हातात किल्लीचा कॅमेरा, शंभर फुटांचं रीळ, म्हणजे मिनिटभराचं चित्रण. आणि ते कॅमेरे मुके होते. आवाज टिपायची सोयच त्यांच्यात नव्हती. म्हणजे या सिनेमातल्या खऱ्या दृश्यांखाली जे जे ऐकू येतं, विमानाची घरघर, लाटा, आग, भिंत कोसळणं, ते सगळं तीस वर्षांनी कुणीतरी खोलीत बसून लावलेलं आहे.

हे कळल्यावर पुन्हा पाहा. तुम्हाला 'अस्सल' वाटणारा भाग अर्धा बनवलेला आहे आणि 'काल्पनिक' टॉम मात्र खऱ्या रोजनिश्यांतून आलेला आहे. म्हणून तुमच्या बायकोचा प्रश्न सुटत नाही, आणि तो सुटूच नये अशा बेताने सिनेमा बांधलाय.

माझ्या कामात रोज मोह होतो की मुक्या रिळावर भरपूर आवाज चढवावा, स्फोट मोठा करावा, प्रेक्षक दचकावा. इथे तो मोह टाळलाय. पॉल ग्लासचं संगीतही तसंच संयमाचं आहे, कुठे शौर्य दाखवायला धावत नाही. लढाईचा सिनेमा आणि आवाज इतका आवरलेला, हे फार क्वचित ऐकायला मिळतं.

रणगाडा७१ दादा, तुमच्याशी दोन गोष्टींवर वाद आहे. लढाई काही मिनिटांत उरकली म्हणता. पण त्या किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश सैनिकाचं आयुष्य याच प्रमाणात होतं. 'स्वोर्ड' किनाऱ्यावर उतरलेली ब्रिटिशांची तिसरी डिव्हिजन १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेऊन परतली ती चार वर्षं इंग्लंडमध्ये सरावच करत होती. चार वर्षं चिखलात लोळणं, दोरावरून चढणं, बोटीतून पाण्यात उडी मारणं, ट्रेनने इथून तिथे, तंबूत वाट बघणं. आणि मग एक सकाळ. कित्येकांसाठी त्या सकाळचीही काही मिनिटंच. कूपरने हे प्रमाण बदललं नाही. ते बदललं असतं तर तुमच्या मनासारखा युद्धपट झाला असता आणि टॉमच्या वाट्याला जे आलं ते खोटं पडलं असतं.

दुसरं ते चाक. तुम्ही म्हणता ते काय आहे हे सांगायला हवं होतं. टॉमला कुणी सांगितलं होतं? त्याला तर आपण कुठे चाललोय हेही सांगितलेलं नाही. प्रेक्षकाला टॉमपेक्षा जास्त कळू द्यायचं नाही, हे या सिनेमाने शेवटपर्यंत पाळलंय. एवढी प्रचंड यंत्रं कुणीतरी कुठेतरी घडवतंय, फिरवतंय, फोडतंय, आणि या सगळ्याच्या खाली एक मुलगा बुटाची नाडी बांधतोय. जुनं चित्रण आणि नवं चित्रण यांची वाटणी तशीच आहे. जुन्यात माणसं हजारोंनी आहेत पण ओळखीचा चेहरा नाही. नव्यात एकच चेहरा आहे. स्टर्नरला करायला काही दिलं नाही हे खरं आहे. टॉमलाही कुणी काही करायला दिलं नव्हतं, फक्त हलवलं होतं.

मला खटकतं ते एकच. नाचाच्या कार्यक्रमातली मुलगी. श्रेयनामावलीतही तिला नाव नाही, नुसती 'मुलगी' आहे. ती पहिल्या भेटीत इतकी जिवंत वाटते, बोलण्यात पुढाकार घेते, पुन्हा भेटायचं ठरवते. नंतर मात्र ती टॉमच्या स्वप्नातच येते, त्याचं कलेवर नीट मांडून ठेवणारी म्हणून. तिथे तिचं माणूसपण संपतं आणि ती मरणाची खूण होऊन बसते. तो प्रसंग पुष्कळांना आवडतो. मला तो दरवेळी जड जातो. एवढ्या साध्या सिनेमाला त्या सजावटीची गरज नव्हती.

पोर्ट्समथकर

खरखर ताईंच्या लिहिण्यात एक भर. मी इथे इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला राहतो. डी-डेच्या संग्रहालयात 'ओव्हरलॉर्ड एम्ब्रॉयडरी' नावाचा भरतकामाचा पट आहे. ३४ तुकडे, एकूण ८३ मीटर लांब, सलग भिंतीवर मांडलेला. रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या बायकांनी तो कित्येक वर्षं बसून शिवला. कूपरला मुळात या पटावर माहितीपट करायचा होता. त्यासाठी तो जुनं चित्रण पाहायला गेला आणि त्यातून हा सिनेमा झाला.

पट पाहून आल्यावर सिनेमा पाहिला तर फरक लगेच जाणवतो. पटावर राजा आहे, चर्चिल आहे, सेनापती आहेत, कारखान्यातल्या बायका आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत विजयाकडे जाणारी सरळ गोष्ट. सिनेमात सेनापती नाहीतच, नकाशावर काठी ठेवणारं कुणी नाही. एवढा मोठा पट पाहून त्या माणसाने त्यातला सगळ्यात अनोळखी सैनिक उचलला, याचं मला फार कौतुक वाटतं.

इथल्या वयस्कर शेजाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हा पाहिलाय, हेही सांगून ठेवतो.

माणदेशी

वाचतोय सगळं. मला एक गोष्ट टोचते, ती विचारतो.

आमच्या घरातले पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत. त्याच १९४४च्या उन्हाळ्यात, नॉर्मंडीनंतर पाच आठवड्यांनी, १० जुलैला यशवंत घाडगे टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. बावीस वर्षांचे होते. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. आम्ही लहानपणापासून ही नावं ऐकत आलो.

म्हणून मला असं वाटतं, की त्या जुन्या चित्रणात जी माणसं मरताना दिसतात ती खरी आहेत. विमानातून ज्या ट्रेनवर गोळ्या झाडल्या जातात तिच्यात खरी माणसं होती. त्यांच्या मरणाच्या तुकड्यांवर एका कल्पित मुलाची गोष्ट उभी करायची, हे योग्य आहे का? त्या माणसांना कुणी विचारलं होतं? सिनेमा चांगला असेलही, पण पाहताना मला हे विसरता आलं नाही.

खरखर

माणदेशी दादा, याच प्रश्नापाशी मी पुष्कळदा अडते. माझ्या टेबलावरही अशी रिळं येतात आणि प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की हा शॉट ठेवायचा की नाही.

तुम्ही ज्या ट्रेनचं म्हणताय ते चित्रण कसं झालं ते पाहा. लढाऊ विमानांवर बंदुकीला जोडलेला कॅमेरा असे. वैमानिकाने चाप ओढला की कॅमेरा सुरू, सोडला की बंद. म्हणजे त्या दृश्यामागे कॅमेरामन नाहीच. जे दिसतं ते बंदुकीला दिसलेलं. बातमीपटांत अशा चित्रणाचे दोन-चार सेकंद वापरत, खाली उत्साही निवेदन असे, 'आपल्या शूर वैमानिकांनी' वगैरे. कूपरने निवेदन ठेवलं नाही आणि शॉट लवकर कापला नाही. तो चालू ठेवतो. ट्रेन, मग दुसरी ट्रेन, बोट, रस्ता. सुरुवातीला डोळ्यांना ते सुंदर दिसतं, जमीन वेगाने खालून सरकते. मग लक्षात येतं की आपण बंदुकीच्या जागी बसलोय आणि उठता येत नाही. तुम्हाला ती माणसं विसरता आली नाहीत म्हणता. ती विसरता येऊ नयेत म्हणूनच तो शॉट इतका लांब आहे, असं मी मानते. नुसती जागा भरायची असती तर तो छोटा आणि चटपटीत कापला असता, संकलनात तेच सोपं असतं.

तरीही त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे तुमचं म्हणणं उरतंच. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती रिळं पेटीत बंद राहिली असती तरी त्यांना कुणी विचारलंच नसतं, एवढंच मी म्हणू शकते. टॉम कल्पित आहे, पण त्या ट्रेनमधल्या एखाद्याच्या घरीही असाच चेहरा होता, एवढं या सिनेमामुळे मनात येतं. मला तेवढं पुरतं. तुम्हाला पुरू नये, हे मी समजू शकते.

इटलीतल्या भारतीय तुकड्यांचीही छायाचित्रं आणि चित्रण त्याच म्युझियममध्ये जपलेलं आहे. त्यातून कुणी मराठी माणसाने असा सिनेमा करावा अशी माझी फार इच्छा आहे. पुतळ्याचा नव्हे, बुटाची नाडी बांधणाऱ्याचा.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. खरखर ताई, आवाजाबद्दल वाचून काल रात्री हेडफोन लावून पुन्हा पाहिला. टॉम आईवडिलांना पत्र लिहितो, मी मरणार असं मला वाटतंय म्हणून सांगतो, आणि मग ते पत्र जाळून टाकतो. आधी माझं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं. या वेळी मी नुसता ऐकत होतो.

दाखवायचा असं ठरवलंय. आता व्यवहाराचं विचारतो. आमचं सभागृह पत्र्याचं, आवाज घुमतो, स्पीकर दोनच. आधी थोडी माहिती सांगावी का? आणि आमचे माजी सैनिक आहेत, त्यांना हा शेवट जड जाईल का, याची थोडी काळजी आहे.

खरखर

पत्र्याच्या सभागृहात मोठा आवाज करू नका. स्पीकर मागच्या भिंतीला न लावता पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. खिडक्यांना सतरंज्या किंवा जाड पडदे टांगले तर घुमणं बरंच कमी होईल. आवाजाची पातळी बोलण्याच्या प्रसंगावर बांधा, विमानांच्या प्रसंगावर नको. नाहीतर सैनिकांची कुजबुज ऐकू येणार नाही, आणि या सिनेमात ती विमानांपेक्षा महत्त्वाची आहे. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, उच्चार गावाकडचे आहेत.

आधी दोनच गोष्टी सांगा. मध्ये येणारं चित्रण खरं आहे, आणि नायक शेवटी मरतो. दुसरी सांगितली की लोक शेवटाची वाट बघत बसत नाहीत, मुलाकडे बघतात. डी-डेची तारीख, आकडे, किनाऱ्यांची नावं नंतर. पोर्ट्समथकरांकडून त्या भरतकामाचे फोटो मागवून घ्या, चर्चेत उपयोगी पडतील.

माजी सैनिकांना आधी एकटं गाठून सांगा की सिनेमा कसा आहे, आणि यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा. आले तर नंतर पहिलं त्यांना बोलू द्या. माझ्या अनुभवात ते शेवटाबद्दल बोलत नाहीत. तंबूतलं वाट बघणं आणि रात्रीतून तळ हलवणं यावरच बोलतात.

पोर्ट्समथकर

फोटो नक्की काढून पाठवतो. संग्रहालयात परवानगी विचारून घेतो आणि इथेच टाकतो, म्हणजे बाकीच्यांनाही पाहता येतील.

रणगाडा७१

माझं मत बदललेलं नाही. किनाऱ्यावरचा भाग आखूडच आहे आणि लढाई पाहायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जाईल. तिसऱ्या डिव्हिजनच्या चार वर्षांचा मुद्दा मात्र मान्य, तो वजनदार आहे. मी मिरजेत असतो. चर्चेत पॅन्जँड्रम आणि सुरुंग झोडपणाऱ्या साखळ्यांच्या रणगाड्यांबद्दल कुणी विचारलं तर सांगायला येईन, नकाशे आहेत माझ्याकडे. तारीख कळवा.